बुद्धिभ्रंश कीं हिशेब?

एखादा ग्रंथ प्रसिद्ध होऊन जवळजवळ दहा वर्षें लोटल्यावर त्याचें परीक्षण लिहावयास बसणें हें मासिकांच्या रिवाजाला सोडून आहे, हें आम्ही जाणून आहों. पुस्तक ताजें असतांच त्याचा परामर्श घ्यावा, चार गुण व दोन दोष दाखवावे आणि पुढील पुस्तकाकडे वळावें, असा परिपाठ आहे. परंतु कांहीं ग्रंथ असे असतात कीं, ते ज्या घटनांविषयीं बोलतात त्या घटनाच मागाहून येऊन त्यांचें परीक्षण करितात. श्री. अमिताव घोष यांचा 'द ग्रेट डिरेंजमेंट' हा २०१६ सालीं निघालेला लहानसा इंग्रजी ग्रंथ या जातीचा आहे. हवामान पालटत आहे असें शास्त्रज्ञ कंठशोष करून सांगत असतां राज्यकर्ते स्वस्थ कां, आणि राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची ज्यांची ऐपत आहे तो सुशिक्षित समाजहि स्वस्थ कां, हा त्याचा प्रश्न आहे. त्या प्रश्नाची धार मधल्या काळांत बोथट झालेली नाहीं. तेव्हां श्री. घोष यांनीं दिलेलें उत्तर कितपत टिकतें, हें पाहण्यास हीच वेळ योग्य होय.

'डिरेंजमेंट' या शब्दाला मराठींत बुद्धिभ्रंश म्हणतां येईल. ग्रंथकाराची कल्पना अशी आहे कीं, ज्यांच्या वांट्याला पाण्याखालीं गेलेलीं शहरें येतील अशीं पुढील काळांतील माणसें आमच्या काळच्या कादंबऱ्या आणि चित्रें उघडून पाहतील, त्यांत येऊं घातलेल्या अरिष्टाचा मागमूसहि त्यांना आढळणार नाहीं, आणि मग तीं आमच्या युगाला भ्रमिष्टांचें युग असें नांव देतील. २०१५ सालीं शिकागो विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांतून हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे भाग तीन: कथा, इतिहास आणि राजकारण. आमच्या मतें पहिला भाग सर्वांत रसाळ, दुसरा सर्वांत व्यासंगाचा, आणि तिसरा सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत कच्चा आहे.

पहिल्या भागांतील एक आठवण सबंध विवेचनाची किल्ली आहे. १७ मार्च १९७८ या दिवशीं दिल्ली विद्यापीठांत शिकत असलेले घोष नेहमींची वाट सोडून दुसऱ्याच वाटेनें निघाले आणि एका प्रचंड वावटळीच्या तडाख्यांत सांपडले. एका घराच्या आडोशाला अंग चोरून राहिले म्हणून वांचले. डोळ्यांदेखत सायकली, पत्रे, चहाचीं दुकानें हवेंत उडालीं. पुढें ते कादंबरीकार झाले. परंतु आयुष्यांतील हा एवढा जबर अनुभव त्यांना एकाहि कादंबरींत घालतां आला नाहीं. कां? घातला असता तर वाचक म्हणाला असता कीं, लेखकाला कथानकाची गांठ सुटेना म्हणून त्यानें वावटळ बोलाविली. जें खरोखर घडलें तें कादंबरींत खोटें वाटतें. कादंबरी ही मध्यमवर्गाच्या घड्याळाप्रमाणें चालणाऱ्या संसारांतून जन्मली, तिनें अघटिताला दाराबाहेर ठेविलें आणि आतां सृष्टीनेंच अघटित आरंभिलें तेव्हां तिच्यापाशीं शब्द उरले नाहींत, असें श्री. घोष यांचें म्हणणें आहे.

मराठी वाचकाला ही मीमांसा परकी वाटण्याचें कारण नाहीं. १८६१ सालच्या 'मुक्तामाले'पासून पुढें कित्येक वर्षें आमच्या कादंबरींत अद्भुताची रेलचेल होती. हरि नारायण आपटे यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो!' लिहून तिला घराच्या माजघरांत आणून बसविलें, आणि तेव्हांपासून 'संभवनीयता' हा शब्द आमच्या टीकाकारांनीं इतका घोकला कीं, त्यापुढें अद्भुत म्हणजे बालिश असें समीकरणच होऊन बसलें. त्यांत मराठी कादंबरीनें पुष्कळ कमाविलें. परंतु माजघराच्या खिडकींतून दिसणारें आभाळहि त्याच वेळीं पार्श्वभूमीच्या पडद्यावर जाऊन चिकटलें, हें श्री. घोष वाचल्यावर प्रथम ध्यानांत येतें.

येथपर्यंत आम्ही ग्रंथकाराबरोबर आहों. आमचा पहिला मतभेद यापुढें आहे. वंगभूमींतील नदी एका रात्रींत पात्र बदलते. घोष यांच्या पूर्वजांचें गांवच पद्मेनें गिळलें म्हणून ते देशोधडीला लागले. तेथील लेखकाला सृष्टीचा कोप अघटित वाटावा हें स्वाभाविक आहे. महाराष्ट्राच्या पठारावरील संकट निराळ्या जातीचें आहे. तें वावटळीसारखें येत नाहीं. न पडलेल्या पावसासारखें, म्हणजे कांहींच न घडून येतें. श्री. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'च्या शेवटीं पाऊस पडत नाहीं, मेंढरें मरतात, आणि माणसें वाडी सोडून निघून जातात. त्यांत अद्भुत असें कांहींच नाहीं. संभवनीयतेचा कोणताहि नियम मोडलेला नाहीं. तरी ती कादंबरी वाचून एकाहि वाचकानें, पाऊस न पडला तर वाडी कां मोडावी, तळें कोणाच्या दप्तरांत अडलें होतें, असा प्रश्न विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. हा कादंबरीचा दोष म्हणून आम्ही सांगत नाहीं. आमच्या वाङ्मयांत पाऊस नेहमीं आभाळांतून येतो किंवा येत नाहीं. कचेरींतून तो कधींच येत नाहीं. आभाळाचें वर्णन करण्याची कला आम्हांस उत्तम अवगत आहे. आभाळ आणि सरकार यांचा संबंध दाखविण्याची नाहीं.

या विधानाला एक मोठा अपवाद आहे व तो जुना आहे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत शेताचा कस कां गेला याची कारणपरंपरा दिली आहे. डोंगरावरील माती पावसानें वाहून जाते, कुरणें जंगलखात्यानें घेतलीं म्हणून जनावरें उपाशी राहतात, म्हणून खत नाहीं, म्हणून पीक नाहीं; आणि यावर उपाय म्हणून सरकारनें आपल्या रिकाम्या पलटणींकडून व पोलिसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावे, म्हणजे पाणी शिवारांत मुरेल, असें त्यांनीं सुचविलें आहे. मातीच्या ढेकळापासून निघून सरकारी अंदाजपत्रकापर्यंत न थांबतां जाणारें असें गद्य त्यानंतर मराठींत फार थोडें लिहिलें गेलें. श्री. घोष ज्या जातीचें लेखन जगांत कोठेंच नाहीं म्हणून खेद करितात, त्याचा एक नमुना येथें पडलेला आहे. तो कादंबरी नाहीं, एवढीच काय ती अडचण. पण वाङ्मय म्हणजे कादंबरी असें मानण्याची सक्ति आमच्यावर कोणीं केली?

दुसऱ्या एका पुस्तकाचा उल्लेख येथें केल्यावांचून राहवत नाहीं. दुर्गाबाई भागवत यांचें 'ऋतुचक्र' १९५६ सालीं निघालें. मराठी महिन्यांच्या क्रमानें सृष्टीचे पालट टिपणारे हे निबंध सुशिक्षित घरांत आजहि आवडीनें वाचले जातात. त्यांच्या सौंदर्यामागें एक न बोललेली हमी आहे: हा महिना संपला कीं तो महिना येईल, आणि येतांना आपलीं फुलें, आपले पक्षी, आपला वारा घेऊन येईल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाडा व विदर्भ यांत गारपिटीनें काढणीला आलेलें पीक झोडपून काढलें, त्या वर्षीं फाल्गुनाचा निबंध पुनः वाचतांना त्या हमीचा कागद कोणीतरी परत मागितल्यासारखें वाटलें. पुस्तकाचें मोल यामुळें कमी होत नाहीं, उलट वाढतें. साठ-सत्तर वर्षांपूर्वीं ऋतूंवर माणसाचा केवढा विश्वास होता याचा तो पुरावा आहे.

मुंबईविषयीं श्री. घोष यांनीं लिहिलेलीं पानें या ग्रंथांतील सर्वांत अस्वस्थ करणारीं आहेत. अरबी समुद्रांतील एखादें महाभयंकर चक्रीवादळ सरळ या शहरावर आलें तर काय होईल, याचें चित्र त्यांनीं हवामानशास्त्रज्ञांशीं चर्चा करून रेखाटलें आहे. ग्रंथ निघाल्यावर ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ मुंबईऐवजीं थोडें दक्षिणेकडे रायगडच्या किनाऱ्यावर आपटलें. श्रीवर्धन-दापोलीकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि मुंबईकरांनीं निःश्वास टाकला. पुढच्याच वर्षीं १७ मे रोजीं 'तौक्ते' किनाऱ्यालगत घोंघावत गेलें. बॉम्बे हाय येथें काम करणाऱ्यांचा एक तराफा बुडून साठांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. दोन वर्षांत दोन इशारे मिळाले. त्या दोन्ही वेळीं आमच्या बोलण्यांत 'थोडक्यांत निभावलें' हा शब्द जितका आला, तितका 'पुढें काय?' हा आला नाहीं.

परंतु मुंबईच्या बाबतींत आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो २६ जुलै २००५ चा दिवस. त्या एका दिवसांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळीं कुलाब्यास तो पुरता पाऊणशें मिलिमीटरहि झाला नव्हता. म्हणजे ज्या टोकाला मंत्रालय आणि मोठ्या पेढ्या आहेत तेथें साधा पावसाळी दिवस होता, आणि उपनगरांत माणसें बंद मोटारींत गुदमरत होतीं. सृष्टीनें एखादें रूपक इतकें उघड लिहिलें तर संपादक तें परत पाठवील. पण या रूपकाच्या खालीं एक रुक्ष कागद आहे. शहराचीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं आहेत, तीं ५० च्या हिशेबानें वाढवावीं, अशी सविस्तर योजना महानगरपालिकेच्या हातीं १९९३ सालींच आली होती. बारा वर्षें ती फडताळांत राहिली. प्रलय झाल्यावर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली आणि जुन्या योजनेवरची धूळ झटकण्यांत आली.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अधःपाताची जी पायरीपायरीनें उतरण सांगितली आहे, तींत बुद्धिनाशाच्या आधींची पायरी स्मृतिभ्रंशाची आहे. श्री. घोष यांनीं शेवटच्या पायरीवर सगळा प्रकाश टाकला. आमची दृष्टि तिच्या वरच्या पायरीवर जाते. मुंबईची बुद्धि शाबूत आहे. गेलेली आहे ती आठवण, आणि ती आपोआप गेलेली नाहीं.

इतिहासाच्या भागाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. कोळसा व वाफ यांचें युग केवळ युरोपांतच कां फोफावलें याचें उत्तर श्री. घोष यांनीं साम्राज्याच्या राजकारणांत शोधलें आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी गलबतें बांधलीं. त्यांतलें १८१७ सालचें 'ट्रिंकोमाली' आजहि इंग्लंडांत पाण्यावर तरंगत आहे. अशा कसबी लोकांना वाफेच्या युगांत बरोबरीनें पाऊल टाकूं न देण्याची खबरदारी इंग्रजी कायद्यांनीं घेतली. यावरून ग्रंथकार असा तर्क लढवितात कीं, साम्राज्यानें आशियाला मागें रोखलें म्हणूनच पृथ्वीवरचें हें संकट लांबलें. तर्क चतुर आहे. त्यानें हिंदी वाचकाची छाती फुगण्याची व मान खालीं जाण्याची अशा दोन्ही गोष्टी एकदम होतात, आणि कदाचित् तोच हेतु असावा. दरमाणशीं हिशेब केला तर भारतीय माणसामागें वर्षाकांठीं सुमारें दोन टन कर्बवायु निघतो व अमेरिकन माणसामागें त्याच्या सहा-सात पट. ही विषमता ग्रंथकार विसरत नाहींत, पण तिच्या आड लपूंहि देत नाहींत. हा प्रामाणिकपणा नमूद करण्याजोगा आहे.

आतां राजकारण. या भागांतील गाजलेला उतारा म्हणजे दोन लेखांची तुलना. २०१५ सालींच रोमच्या धर्मगुरूंनीं पृथ्वीच्या दुर्दशेविषयीं एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पॅरिस येथें राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला. श्री. घोष दोहोंची भाषा पारखून पाहतात. धर्मगुरूंचें पत्र सरळ, खेदयुक्त, गरिबांचें नांव घेणारें. करार मात्र लांबच लांब वाक्यांचा, कलमांत कलम गुंतलेला, आणि कांहींतरी चुकलें आहे याची कोठेंच कबुली न देणारा. निरीक्षण सूक्ष्म आहे. तरी निकाल देतांना ग्रंथकारांनीं थोडी घाई केली. खरेदीखत आणि अभंग यांची तुलना केली तर खरेदीखत नेहमींच अरसिक ठरणार. धर्मगुरु एकटे लिहितात; करारावर सुमारें दोनशें सरकारांना सह्या करावयाच्या असतात. खरेदीखताची परीक्षा त्याच्या शैलीवरून करावयाची नसते. सौद्यांत कोण काय सोडून बसला हें त्यांत पाहावयाचें असतें. त्या दृष्टीनें पाहिलें तर पॅरिसच्या ठरावांतील एकावन्नावें कलम बघावें. हवामानबदलानें होणाऱ्या हानीविषयींचें कलम करारांत असलें, तरी त्यावरून कोणावर दायित्व किंवा भरपाईचा बोजा येणार नाहीं, असें तेथें साफ शब्दांत लिहिलें आहे. या एका वाक्यांत मुळींच अस्पष्टता नाहीं. लिहिणाराला कोठें धूसर लिहावयाचें आणि कोठें स्पष्ट, हें पक्कें ठाऊक होतें. याला बुद्धिभ्रंश म्हणतां येईल काय?

आमच्या मतभेदाचें मर्म येथें आहे. श्री. घोष यांच्या मतें राजकारणाचें मौन हें संस्कृतीच्या मौनाचें भावंड आहे. दोहोंचें मूळ एकच, कल्पनाशक्तीचा पक्षाघात. त्यांनीं स्वतःच्या आईला कलकत्त्याचें सखल भागांतील घर सोडण्याविषयीं सुचवून पाहिलें, तेव्हां मुलाचें डोकें फिरलें कीं काय अशा नजरेनें तिनें त्यांच्याकडे पाहिलें. हा प्रसंग फार हृद्य आहे, आणि आपणां सर्वांच्या घरांतला आहे. परंतु आईची निष्क्रियता आणि मंत्र्याची निष्क्रियता एकाच मापानें कशी मोजावी? आईला घराचा लळा आहे. मंत्र्यापुढें अहवाल आहे.

जगाचा मोठा हिशेब पाहिला तरी हेंच दिसतें. २३ जून १९८८ रोजीं जेम्स हॅन्सन यांनीं अमेरिकेच्या सिनेट समितीपुढें पृथ्वी तापूं लागल्याची साक्ष दिली. कोळसा व तेल जाळून मनुष्यजातीनें आजवर जेवढा कर्बवायु हवेंत सोडला त्यांतला निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा, म्हणजे या साक्षीनंतरचा आहे. एक्सॉन या तेलकंपनीच्या पदरच्या शास्त्रज्ञांनीं १९७७ पासून पुढें वर्तविलेलें तापमान बहुतांशीं अचूक ठरलें, असें २०२३ सालीं 'सायन्स' नियतकालिकांतील एका शोधनिबंधानें दाखवून दिलें. आणि तीच कंपनी त्या काळांत बाहेर लोकांना या शास्त्राविषयीं संशय घेण्यास शिकवीत होती. येथें कल्पनाशक्तीचा दुष्काळ नव्हता. घरांत एक आणि ओटीवर दुसरें, असा तो नेहमींचा व्यापारी प्रकार होता.

हें सर्व दूरचें वाटत असेल तर सह्याद्रीकडे यावें. २०१० सालीं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें डॉ. माधवराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं पश्चिम घाटासंबंधीं एक तज्ज्ञ समिति नेमली. ३१ ऑगस्ट २०११ रोजीं तिनें अहवाल सादर केला. सबंध घाट नाजूक मानून त्याचे तीन श्रेणींत भाग पाडावे, पहिल्या श्रेणींत खाणी, मोठीं धरणें वगैरेंना मज्जाव असावा, आणि हें सर्व वरून न लादतां ग्रामसभांपुढें ठेवून त्यांच्या विचारें ठरवावें, असा त्याचा मथितार्थ होता. सिंधुदुर्गांतील कांहीं ग्रामपंचायतींनीं तर आमचें गांव संवेदनशील म्हणून घ्या, असे ठराव आपण होऊन केले होते. मंत्रालयानें काय केलें? अहवाल प्रसिद्धच केला नाहीं. केरळांतील एका नागरिकानें माहितीच्या अधिकाराखालीं तो मागितला, तेव्हां प्रसिद्धि दिल्यास राष्ट्राच्या शास्त्रीय व आर्थिक हितास बाध येईल, असें उत्तर मिळालें. केंद्रीय माहिती आयोगानें तो देण्यास सांगितलें; मंत्रालय दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें; न्यायालयानें १७ मे २०१२ रोजीं तेथेंहि त्याला नकार दिला. मग कोठें तो बाहेर आला, आणि तोहि 'मंत्रालयानें हा अहवाल स्वीकारलेला नाहीं' अशी टीप घेऊन.

हा इतिहास एखाद्या कादंबरीकारानें लिहिला असता तर श्री. घोष यांच्या प्रमेयाला त्यानें फार मोठा छेद दिला असता. येथें शास्त्रज्ञ बोलले होते. त्यांनीं लोकांची भाषा व लोकांच्या सभा यांचा मार्गहि सांगितला होता. गांवकऱ्यांची कल्पनाशक्ति जागी होती, इतकी कीं ते निर्बंध मागून घेत होते. आणि राज्यकर्त्यांची तर कल्पनाशक्ति सर्वांहून तल्लख! लोकांच्या हातीं हा कागद पडला तर काय होईल याचें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें स्पष्ट होतें. नाहीं तर न्यायालयापर्यंत धांव कशाला? झालें असें कीं, अहवाल आठ-नऊ महिने कुलुपांत राहिला तेवढ्या काळांत त्याच्याविषयींच्या अफवा घाटभर पोहोंचल्या. तुमची शेती जाणार, घरें जाणार, असें ज्यांना सांगावयाचें होतें त्यांनीं सांगून घेतलें. नंतर दुसरी समिति आली, तिनें संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सदतीस टक्क्यांवर आणलें. तेंहि मसुद्यांतच राहिलें.

लोकजागृति हा शब्द आमच्या वर्तमानपत्रांत इतका झिजला आहे कीं, त्याचा अर्थ आतां शाळकरी मुलांची फेरी आणि भिंतीवरचें घोषवाक्य एवढाच उरला आहे. श्री. घोष यांचाहि मोर्च्यांवर विश्वास नाहीं. २००३ सालीं इराकच्या युद्धाविरुद्ध जगभर लक्षावधि माणसें रस्त्यावर आलीं आणि धोरण तिळमात्र हाललें नाहीं, असा दाखला ते देतात. आणि शेवटीं धर्मसंस्थांकडे आशेनें पाहतात. एवढ्या निराशेचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं, कारण महाराष्ट्रानें एकदां निराळें पाहिलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत दुष्काळी कामांवर आलेल्या मजुरांची संख्या १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लक्षांवर गेली होती. खडी फोडणारे ते हात लोकांनीं रस्त्याच्या कडेला रोज पाहिले. त्यांच्या मोर्च्यांनीं, विरोधी पक्षांच्या नेटानें आणि विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या चिकाटीनें रोजगार हमीची योजना उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. विशेष हें कीं, तिच्यासाठीं शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसला, आणि तो पगारदार वर्गानें, थोडी कुरकुर करून, भरला. पाऊस न पडणें हा दैवाचा प्रकार राहिला नाहीं. ती सरकारची एक देणी-घेणी झाली. केंद्रानें २००५ सालीं केलेल्या कायद्याला हाच नमुना होता. पाऊस कचेरींतून येऊं शकतो, याचा एवढा ठळक पुरावा असतां आमच्या कादंबरीनें त्याकडे पाठ फिरवावी याचें मात्र खरोखर नवल वाटतें.

तेव्हां जागृति म्हणजे माहिती नव्हे. माहितीचा तर आज पूर आहे. हवेंतील कर्बवायूचें प्रमाण १९५८ सालीं दशलक्षांत सुमारें ३१५ भाग होतें, तें २०२४ सालीं ४२० च्या वर गेलें, हें शाळेंतील मुलगाहि सांगेल. पण आपल्या तालुक्याच्या नकाशावर कोणत्या डोंगराला कोणती श्रेणी दिली आहे, तेथें खाणीला परवानगी कोणीं मागितली आहे व तिच्या सुनावणीची तारीख कोणती, हें त्या मुलाच्या वडिलांनाहि ठाऊक नसतें. पहिली माहिती निरुपद्रवी आहे म्हणून ती सर्वत्र मिळते. दुसरीसाठीं अर्ज करावे लागतात. श्री. अतुल देऊळगांवकर यांच्यासारखे लेखक मराठींत या विषयावर चिकाटीनें लिहीत आले आहेत. तरी घरोघरच्या वाचनांत हा विषय अद्याप परीक्षेच्या निबंधापलीकडे गेलेला नाहीं, याला वाचकवर्गाचा सौजन्यपूर्ण आळसहि कारण आहे. सुट्टींत महाबळेश्वरास बंगला घेतांना तो डोंगर कोणत्या श्रेणींत येतो हें विचारणारा सुशिक्षित गृहस्थ आम्हांस तरी अजून भेटावयाचा आहे.

श्री. घोष यांच्या शैलीविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. ते कथेकऱ्याच्या हातोटीनें युक्तिवाद करितात. एक आठवण, तिच्यांतून एक शंका, शंकेंतून एक जुनें पुस्तक, असें त्यांचें विवेचन पुढें सरकतें. यामुळें शंभर रुक्ष अहवालांनीं जें होत नाहीं तें हा ग्रंथ करतो. वाचक रात्रीं खिडकी लावतांना आभाळाकडे एकदां अधिक पाहतो. पण याच हातोटीमुळें ज्या ठिकाणीं नांवें, तारखा आणि पैशाचा आंकडा हवा, तेथें ते 'आपण' असें म्हणून मोकळे होतात. आपण भ्रमिष्ट, आपली संस्कृति मुकी, आपलें राजकारण पोकळ. या 'आपण'मध्यें किनाऱ्यावरची कोळीण आणि तेलकंपनीचा संचालक शेजारीं शेजारीं येऊन बसतात. सर्वांचाच अपराध ठरला म्हणजे कोणालाच बोलावणें पाठवावें लागत नाहीं.

३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गाडलें जाऊन १५१ माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाडजवळ तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी. आणि माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनीं, त्याच ३० जुलै या तारखेला, पहाटेच्या काळोखांत वायनाडांतील मुंडक्कै व चूरलमला हीं गांवें चिखलाच्या लोंढ्यानें पुसून टाकलीं. मृतांचा आंकडा शेंकड्यांत गेला. तो पाऊस हवामानबदलामुळें सुमारें दहा टक्के अधिक जोराचा झाला असावा, असा शास्त्रज्ञांच्या एका गटाचा अंदाज आहे. हीं गांवें ज्या वैथिरी तालुक्यांत येतात, तो गाडगीळ समितीनें तेरा वर्षांपूर्वीं पहिल्या श्रेणींत घातला होता. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीं, ३१ जुलै २०२४ रोजीं, मंत्रालयानें पश्चिम घाटासंबंधींच्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला आणि हरकती मागविण्यासाठीं साठ दिवसांची मुदत दिली. तो सहावा मसुदा होता. 'द ग्रेट डिरेंजमेंट'ची नवी आवृत्ति काढण्याचें ग्रंथकारांच्या मनांत आल्यास, तिसऱ्या भागांत या सहा मसुद्यांवर एक प्रकरण त्यांनीं अवश्य घालावें, अशी आमची त्यांना सूचना आहे.